बायपास झाली, बिलही भागलं. आता पुढचे तीन महिने?

सांजवात | सोमवार, रात्री ११:५२

इथे बरीच वर्षं नुसती वाचत आलेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबलं तर सांभाळून घ्या.

नवऱ्याची (वय ४७) बायपास होऊन आज २६ दिवस झाले. तीन ग्राफ्ट, म्हणजे तुंबलेल्या जागा टाळून रक्ताला वाट द्यायला जोडलेल्या तीन शिरा. ऑपरेशन चांगलं झालं, तो घरी आहे, हळूहळू जिना चढतो, चिडतो, म्हणजे बराच मूळपदावर आलाय. प्रश्न त्याच्या छातीचा नाही, माझ्या वहीचा आहे.

ऑपरेशनचं बिल विम्यातून बरंचसं सुटलं. राहिलेलं शिलकीतून आणि दिराने दिलेल्या पैशांतून भागवलं. त्या दिवसांत जो तो विचारत होता, "पैशांचं जमलं का?" जमलं, असं सांगत गेले. त्याला घरी आणला आणि विचारणारे थांबले. त्यांचं चुकत नाही म्हणा, त्यांच्या लेखी संकट टळलं होतं.

इकडे वही मात्र तेव्हाच सुरू झाली. गोळ्या, ड्रेसिंग, रक्ताच्या तपासण्या, फिजिओथेरपी. दुचाकीवर बसायची परवानगी नाही, म्हणून प्रत्येक तपासणीला गाडी करून जायचं. नवरा फ्रिज-एसी दुरुस्तीची कामं करतो, स्वतःचा धंदा, हाताखाली एक मुलगा. काम केलं तर पैसे, नाही तर नाही. माझी अर्धवेळ नोकरी, रजा संपली, आता बिनपगारी चालू आहे. म्हणजे घरात येणारे दोन्ही नळ बंद आणि खाली गळती वाढलेली.

आज नीट मांडून बघितलं. शिल्लक नवव्या आठवड्यापर्यंत पुरते. सर्जन म्हणालेत बारा आठवडे जड काही उचलायचं नाही. मधले तीन आठवडे कुठून आणायचे?

आणि खरी गोम इथे आहे: त्याला हे माहीतच नाही. विचारतो तेव्हा "आहे सगळं व्यवस्थित" म्हणते. खरं सांगितलं तर हा उद्याच हत्यारांची पिशवी उचलेल, ही भीती. तसाही म्हणतोच आहे की पुढच्या आठवड्यापासून "बारीकसारीक" कामं घेतो. त्याच्या धंद्यात बारीकसारीक म्हणजे एकट्याने कॉम्प्रेसर उचलणं.

सांगू का नको? आणि कुणाचे पैसे आधी द्यायचे, कुणाला थांबवायचं, याची काही रीत आहे का? अनुभव असलेल्यांनी लिहा.

आडवाट | सोमवार, रात्री ११:५८

वाचलं. धीर धरा. सविस्तर उद्या लिहितो.

निवृत्त_परिचारिका | मंगळवार, सकाळी ६:२०

ताई, आधी छातीचं बोलू, कारण तुमच्या वहीचं गणित त्यावरच उभं आहे.

या ऑपरेशनमध्ये छातीचं मधलं हाड करवतीने उभं कापतात आणि शेवटी स्टीलच्या तारांनी बांधतात. ते सांधायला साधारण ६ ते ८ आठवडे लागतात, पूर्ण ताकद यायला १२ किंवा त्याहून जास्त. बाहेरची जखम दोन-तीन आठवड्यांत भरल्यासारखी दिसते आणि तिथेच पेशंट फसतो. आतलं हाड पक्कं होईपर्यंत ४-५ किलोच्या वर काही उचलायचं नाही, हातांवर भार देऊन उठायचं नाही, खोकताना उशी छातीशी घट्ट धरायची. कॉम्प्रेसर उचलताना तारा सैल झाल्या किंवा हाड हललं, तर पुन्हा दवाखाना. मग तीन आठवड्यांचं भोक तीन महिन्यांचं होईल. त्याला समजवायला भीती नका घालू, हे गणित घाला.

छातीत "कट्" असा आवाज येणं, जखमेतून पाणी, ताप, एका दिवसात किलोभर किंवा आठवड्यात दोन किलोच्या वर वजन वाढणं, वाढती धाप: यांतलं काहीही दिसलं तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका.

आणि हात जोडून एक. पैसे वाचवायला गोळ्या दिवसाआड करणारी घरं मी पाहिली आहेत. रक्त पातळ ठेवणारी गोळी चुकवली तर नवा ग्राफ्ट बंद पडू शकतो. मेटोप्रोलॉलसारखी नाडी-रक्तदाब आवरणारी गोळी अचानक थांबवली तर नाडी आणि रक्तदाब उसळतो. परवडत नसेल तर डॉक्टरांना तोंडाने तसं सांगा, "याच औषधाचं स्वस्त जेनेरिक लिहून द्या." यातल्या बहुतेक गोळ्या जुन्या आहेत, जेनेरिकमध्ये मिळतात. डॉक्टर स्वतःहून विचारत नाहीत, कारण पेशंट नवे कपडे घालून तपासणीला येतो!

शंकासुर | मंगळवार, सकाळी ९:०५

वाईट वाटून घेऊ नका, पण स्वतःचा धंदा असणाऱ्याने सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवायचा असतो, हे आता सगळ्यांना माहीत आहे. विमा होता ही जमेची बाजू. बाकी नियोजनात चूक झालीच.

मीच ती | मंगळवार, सकाळी ९:११

शंकासुर, घर जळत असताना विहीर कुठे खणायला हवी होती ते सांगताय.

सांजवात | मंगळवार, सकाळी ९:४०

राहू दे, त्यांचं खरं आहे. चार महिन्यांचा खर्च होता बाजूला. बिलातला विम्याने नाकारलेला भाग त्यातूनच गेला. हातमोजे, सिरिंज असल्या वस्तू विम्यात बसत नाहीत, हे डिस्चार्जच्या टेबलावर कळलं.

परिचारिकाताई, नव्या कपड्यांचं वाचून हसले आणि मग लाज वाटली. आम्ही खरंच तसेच जातो.

हिशोबी | मंगळवार, दुपारी १:१५

माझा पेशा हिशोबाचा, म्हणून तेवढंच बोलतो.

ज्याने घर टिकतं आणि माणूस टिकतो ते आधी: भाडं किंवा घराचा हप्ता, किराणा, वीज, औषधं. मग ज्या कर्जाला काही तारण आहे ते. बाकीचे रांगेत. आपल्याकडे उलट होतं. जो जास्त फोन करतो त्याला आधी पैसे जातात.

ज्यांना थांबवायचं आहे त्यांना हप्ता चुकण्याआधी गाठा. चुकल्यानंतर तुम्ही थकबाकीदार, त्याआधी अडचणीतले ग्राहक. कागद तोच, वागणूक वेगळी. डिस्चार्ज पेपर जोडून लेखी अर्ज करा, उत्तरही लेखी मागा. हप्ते पुढे ढकलून मिळाले तरी व्याज चालूच राहतं, तेव्हा ही सवलत फुकट आहे असं समजू नका.

क्रेडिट कार्ड असेल तर "किमान रक्कम" भरून महिने ढकलू नका. महिना ३ टक्के ऐकायला बारीक वाटतं. चक्रवाढीने ते वर्षाला ४२ टक्क्यांच्या वर जातं आणि दोन वर्षांत रक्कम दुप्पट.

दवाखान्याकडून बाबवार बिल मागून घ्या, एकत्रित आकड्याचं नको. ओळ न् ओळ वाचा. पॉलिसीत डिस्चार्जनंतरच्या ठराविक दिवसांचा खर्च मिळतो का तेही बघा, अनेक पॉलिसींत ते कलम असतं आणि लोक मागतच नाहीत. त्यासाठी प्रत्येक पावतीला डॉक्टरांची चिठ्ठी जोडलेली हवी, नुसती पावती चालत नाही.

दिराचे पैसे शेवटी द्या, पण किती घेतले आणि कधीपासून देणार हे आज कागदावर लिहून त्यांना पाठवा. नाती व्याजाने तुटत नाहीत, मोघमपणाने तुटतात. (हे अवांतर आहे, पण दोन भावांच्या भांडणात लवाद म्हणून बसलोय.)

कंपास | मंगळवार, दुपारी ३:३०

माहितीत भर. पायातली शीर काढून हृदयाला जोडायची ही शस्त्रक्रिया रूढ केली ती अर्जेंटिनाच्या रेने फावालोरो यांनी, १९६७ मध्ये, अमेरिकेत क्लीव्हलँडला. त्याआधी १९५३ मध्ये जॉन गिबन यांनी हार्ट-लंग मशीन (ऑपरेशन चालू असताना हृदय-फुफ्फुसांचं काम करणारं यंत्र) पहिल्यांदा यशस्वीपणे वापरलं होतं. फावालोरो पुढे मायदेशी परतले, संस्था काढली, आणि ती संस्था कर्जात बुडाली.

मीच ती | मंगळवार, दुपारी ३:३४

कंपासराव, त्या बिचारीला यातून काय घ्यायचंय?

कंपास | मंगळवार, दुपारी ३:५०

खरंय. एवढंच म्हणायचं होतं की ज्याने ऑपरेशन दिलं त्यालाही पैशांचं कोडं सुटलं नाही. चुकीच्या वेळी बोललो, माफी.

सांजवात | मंगळवार, दुपारी ४:०२

अहो असू द्या. नवऱ्याला वाचून दाखवलं, त्याला आवडलं. पायातली पाइप छातीत, म्हणाला, हे तर आमच्यासारखंच काम झालं.

आडवाट | मंगळवार, रात्री १०:१०

काल शब्द दिला होता म्हणून लिहितो.

जागतिक आरोग्य संघटना आणि संयुक्त राष्ट्रे २०२५ पर्यंत बरीच वर्षं एक माप वापरत होती: कुटुंबाच्या एकूण खर्चाच्या किंवा उत्पन्नाच्या १० टक्क्यांहून जास्त पैसा खिशातून उपचारांवर गेला तर तो मोठा बोजा, २५ टक्क्यांच्या वर गेला तर त्याहून गंभीर. यात बुडालेली मजुरी धरत नाहीत. दवाखान्याला जायचं भाडं धरत नाहीत. तुमची बिनपगारी रजाही धरत नाहीत. म्हणजे सांजवात, तुमच्या वहीतला अर्धा हिशोब या मापात कुठेच सापडणार नाही. कर्करोगाचा अभ्यास करणाऱ्यांनी २०१३ च्या सुमारास याला "फायनॅन्शियल टॉक्सिसिटी" म्हणायला सुरुवात केली, औषधाचे जसे दुष्परिणाम तसे पैशांचे. नाव चांगलं आहे. नाव मिळालं की निदान आपण एकटेच वेंधळे नाही हे कळतं.

आमच्याकडे वडिलांचं असंच झालं होतं. "काही लागलं तर सांगा" म्हणणारे डझनभर, आणि आई कुणालाच काही सांगायची नाही. शेवटी आत्याने आईला विचारणंच सोडलं आणि थेट सांगितलं, "गुरुवारी तपासणीला माझी गाडी येईल." तेव्हा मिटलं. लोकांना पैसे मागायला जीभ उचलत नसेल तर कामं मागा. गाडी, मुलांना शाळेतून आणणं, दोन तास पेशंटजवळ बसणं. तुम्ही निम्मा दिवस जरी कामावर जाऊ शकलात तरी तुमची बिनपगारी थांबेल.

मीच ती | मंगळवार, रात्री ११:२५

"सांगू का नको" याला कुणीच हात घातला नाही, म्हणून मी घालते. मी पलंगावरच्या बाजूने लिहितेय. माझी झडप बदलली त्याला सहा वर्षं झाली.

मला कुणी काही सांगत नव्हतं. मी आले की बोलणं थांबायचं. नवरा फोन घेऊन गॅलरीत जायचा. त्या दिवसांत डोकं ठिकाणावर नसतं हो. झोप तुटक, एक पान वाचलं तर पुढच्या पानावर मागचं आठवत नाही, फालतू जाहिरात बघून रडू येतं. हृदयाच्या मोठ्या ऑपरेशननंतर मन खचणं फार जणांना होतं, ते नंतर डॉक्टरांकडून कळलं. तेव्हा मला एवढंच वाटलं की माझा रिपोर्ट वाईट आलाय आणि हे लपवतायत. महिनाभर मी मरणाची तयारी करत होते, आणि गॅलरीत काय चाललं होतं? मुलाची फी दोन हप्त्यांत भरायची बोलणी!

तुम्ही गप्प बसलात म्हणून त्याच्या डोक्यात शांतता आहे असं समजू नका. तिथे तो काहीतरी भरतोच.

निवृत्त_परिचारिका | बुधवार, सकाळी ६:०५

मीच ती, +१. फक्त रात्री सांगू नका. सकाळी, चालून आल्यावर सांगा. आणि दोन आठवड्यांच्या वर उदासपणा टिकला, जेवण-झोप गेली, तर तपासणीला ते स्वतंत्र सांगा. त्यावर उपचार आहेत.

शंकासुर | बुधवार, सकाळी ९:३०

मी विरोधात. हृदयाच्या पेशंटला ताण द्यायचा नाही हे साधं शहाणपण आहे. तीन आठवड्यांचा प्रश्न आहे, दिराकडून अजून घ्या आणि नंतर सांगा.

हिशोबी | बुधवार, सकाळी १०:००

शंकासुर, मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. पण तो आठवड्याभरात कामावर जायला निघालाय. अर्धवट माहितीवर माणूस निर्णय घेतोच, फक्त चुकीचा.

सांजवात | शनिवार, रात्री ११:१०

सांगितलं.

गुरुवारी सकाळी, चालून आल्यावर, ताईंनी सांगितलं तसं. वही समोर ठेवली आणि मी आत निघून गेले, थांबायची हिंमत झाली नाही. बाहेर आले तर वही मिटलेली, आणि हा खिडकीशी. मग दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. मुलीशी बोलत होता, आईशी बोलत होता. मला फक्त "गोळी" आणि "पाणी". वाटलं, शंकासुरांचं ऐकायला हवं होतं.

आज दुपारी म्हणाला, "माझी डायरी कुठंय?"

कुठली डायरी? मला माहीतच नव्हती. स्कूटरच्या डिकीत, तेलाने काळी झालेली, पानं चिकटलेली. त्यात त्याची उधारी होती. कुणाच्या दुकानाचा डीप फ्रीझर, कुणाचं गॅस भरणं, एका ऑफिसचे तीन एसी, गेल्या हंगामापासूनचे. नावं अर्धी, काही ठिकाणी नुसतं "जिन्याखाली" किंवा "चष्मेवाला". त्याच्याशिवाय जगात कुणाला वाचता येणार नाही. बेरीज केली. सगळे पैसे आले तर सात आठवडे. निम्मे आले तरी मधलं भोक बुजतं.

मी म्हटलं, मला आधी का नाही सांगितलंस? तर म्हणाला, "तू म्हणालीस ना, आहे सगळं व्यवस्थित."

यावर काय बोलणार.

मीच ती | शनिवार, रात्री ११:१८

🙏

आडवाट | शनिवार, रात्री ११:३०

"चष्मेवाला"!! वसुलीला कोण जाणार पण? त्याला पाठवू नका.

सांजवात | रविवार, सकाळी ८:१५

नाही, फोनवरूनच करतोय. पहिला फोन करायला अर्धा तास लागला. त्याला मागायची सवय नाही, काम करून निघून यायचं एवढंच माहीत. पहिल्या माणसाने उलट विचारलं, "अहो, तुम्ही इतके दिवस फोन का उचलत नव्हता?" फोन माझ्याकडे होता. त्याला त्रास नको म्हणून मी गिऱ्हाइकांचे फोन बंद करून ठेवले होते. हेही मीच केलेलं.

आता ठरलंय ते असं. हाताखालचा मुलगा साफसफाई आणि सर्व्हिसिंग एकटा करू शकतो. अडलं की व्हिडिओ कॉल करतो आणि नवरा पलंगावरून सांगतो, कुठला स्क्रू, कुठला आवाज. कॉम्प्रेसरचं काम आलं तर त्याच्या ओळखीच्या दुसऱ्या मेकॅनिककडे द्यायचं, थोडा हिस्सा आपल्याला. काल दोन कामं झाली. मुलाचा पगार सुटला आणि वर थोडं उरलं. फार नाही. पण महिन्याभरानंतर वहीत डाव्या बाजूला, जमेत, पहिल्यांदा काहीतरी लिहिलं.

हिशोबी, बाबवार बिल आलं. एका तपासणीचे पैसे एकाच तारखेला दोनदा लावलेत. ते मला नाही, नवऱ्याला सापडलं, "माझं रक्त त्या दिवशी एकदाच काढलं होतं" म्हणे. अर्ज दिलाय. मिळतील तेव्हा खरं.

हिशोबी | रविवार, सकाळी ९:००

उत्तम. अर्जाच्या प्रतीवर पोच घेतली ना? विमा कंपनीलाही कळवा, त्यांचेही पैसे त्यात गेलेत.

शंकासुर | रविवार, सकाळी ११:४५

माझं चुकलं, मान्य. एक विचारतो, टोमणा नाही. त्या दोन दिवसांत त्यांची तब्येत बिघडली असती तर?

सांजवात | रविवार, दुपारी २:२०

तर मी स्वतःला माफ केलं नसतं, आणि तुम्हाला बरोबर म्हटलं असतं. बीपी दिवसातून तीनदा बघत होते. गुरुवारी संध्याकाळी थोडं वर होतं, शुक्रवारी खाली आलं. सगळ्यांनी असंच करावं असं मी म्हणणार नाही. माझ्या नवऱ्याला काम दिलं की तो शांत होतो, हे मी अठरा वर्षं बघितलंय आणि नेमकं याच महिन्यात विसरले होते.

निवृत्त_परिचारिका | रविवार, संध्याकाळी ५:४०

व्हिडिओ कॉल दिवसाला किती ते ठरवून द्या. अशी माणसं पलंगावरूनही थकतात. आणि सर्जन होकार देईपर्यंत पिशवी माळ्यावर.

सांजवात | रविवार, रात्री १०:३०

पिशवी सासूबाईंनी स्वतःच्या खाटेखाली ठेवली आहे. तिथून काढायची कुणाची टाप नाही.

परवा पाचव्या आठवड्याची तपासणी आहे. यादी केली आहे: स्वस्त गोळ्या, दुचाकी कधी, पायाला संध्याकाळी सूज येते ती, आणि त्याच्या कामाचं स्वरूप नीट सांगून "जड" म्हणजे किती किलो. आडवाट, आत्याची युक्ती वापरली, चुलत नणंदेला थेट सांगितलं, ती गाडी घेऊन येतेय. मी त्या दिवशी निम्मा दिवस कामावर.

आणि जुन्या कपड्यांत जाणार आहोत.